तबकातली वस्तू

सोमवार, २ मार्च
दुपार

आदरणीय ताईंना,

सविनय नमस्कार.

प्रथम क्षमा मागते. आपल्याला पत्र लिहावे असा माझा काही अधिकार उरलेला नाही, हे मी जाणून आहे. ज्या घरातून आम्हाला जायला सांगितले, त्या घरातील माणसांना मागून हाक मारू नये, एवढी समज आईने मला दिली आहे. तरीही लिहीत आहे. जेवण झाल्यापासून कागद पुढे घेऊन बसले आहे. निबंधात मी कधी अडखळले नाही, पण या पत्राचे पहिले वाक्य काही केल्या जुळेना. शेवटी क्षमेनेच सुरुवात केली. आमच्यासारख्यांना ती सुरुवात सवयीची असते.

आपण सर्व खुशाल असाल, अशी आशा करते. बाईसाहेबांचे गुडघे आता कमी दुखत असावेत. थंडी ओसरली की त्यांना बरे वाटते, असे आई सांगते.

इकडील वर्तमान असे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही राहतो. जिना इतका अरुंद आहे की पहिल्या दिवशी ट्रंक मध्येच अडकली, तेव्हा दुकानदार खालून म्हणाला होता, "बाई, ट्रंक राहणार आहे की तुम्ही, ते आधी ठरवा." आईला एका लाँड्रीत काम मिळाले आहे. हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. आयुष्यभर एकेका घडीवरून हात फिरवून ती बसवणाऱ्या बाईला तिथे यंत्रातून येणाऱ्या चादरी नुसत्या झेलायच्या असतात. वाफेने तिच्या तळहातांची कातडी सुटली आहे. "बरं झालं," ती म्हणते, "इतकी वर्षं हात मऊ कधी होणार म्हणत होते, आता थरच्या थर नवे येतायत." माझी परीक्षा जवळ आली आहे. अभ्यास ठीक चालला आहे. खाली दिवसभर सायकलींच्या घंट्या वाजतात, पण त्यांचीही सवय होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

उद्या सकाळी दहा वाजता बाईसाहेबांना एक फोन येईल. फोन करणाऱ्या बाई निवृत्त डॉक्टर आहेत. एकट्या राहतात, घर सांभाळायला आणि सोबतीला त्यांना कोणीतरी हवे आहे. त्या आईशी बराच वेळ बोलल्या, तिला घर दाखवले, कपाटे उघडून दाखवली. आई त्यांना पसंत पडली. मागच्या बाजूला दोन खिडक्या असलेली खोलीही आम्हाला देणार आहेत. निघताना त्या सहज म्हणाल्या, "आधीच्या घरी एकदा विचारून घेते हं. आपली रीत म्हणून." आई "हो, जरूर विचारा" म्हणाली. याआधीही दोन घरांनी असेच रीत म्हणून विचारले होते. दोन्हीकडून "आमची सोय झाली" असा निरोप आला.

बाईसाहेब फोनवर काय सांगतात, हे आम्ही ऐकलेले नाही. परंतु त्यांना जे खरे वाटते तेच त्या सांगत असणार. त्या खोटे बोलणाऱ्या नव्हेत. म्हणून उद्या दहाच्या आत कोणीतरी त्यांना खरे काय ते सांगायला हवे, आणि ते सांगू शकेल असे त्या घरात एकच माणूस आहे. माझे मागणे एवढेच: "वरच्या बाईंनी काही घेतलं नव्हतं." कारणे देऊ नयेत. ती मीही मागत नाही.

खरे तर पत्र इथेच संपवायला हवे होते. तशी मी सहीसुद्धा करणार होते. पण कागद अजून बराच कोरा आहे, आणि जे मांडून पाहिले नाही ते मला नीट समजत नाही, ही माझी जुनी खोड आपल्याला ठाऊक आहे. आपल्याला माहीत असलेलेच पुन्हा लिहीत आहे, त्याबद्दलही क्षमा असावी.

दर्शनी दालनात, मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी, संगमरवरी टेबलावर चांदीचे तबक आहे. घरात कुठेही काही सापडले, कोटाचे बटण असो, केसांची पिन असो, खिशात राहिलेली किल्ली असो, ते त्या तबकात ठेवायचे. न झाकता, न पुसता, जसे सापडले तसे. कुठे सापडले हे ठेवणाऱ्याने सांगायचे नाही, कोणी ठेवले हे घेणाऱ्याने विचारायचे नाही. ज्याचे असेल त्याने जाता-येता उचलावे. ही रीत आपल्या आजींनी घातली, असे आई सांगते. आईला तिचा फार अभिमान होता. मी लहान असताना एकदा साहेबांचे पेनाचे टोपण धावत जाऊन त्यांच्या हातात दिले, तर आईने मला मागच्या अंगणात नेऊन समजावले होते. "हातात दिलं की त्यांना थँक्यू म्हणावं लागतं, आणि आपल्याला ते ऐकत उभं राहावं लागतं. तबकात ठेवलं की कुणाचं कुणावर काही राहत नाही."

वरचा मजला आईकडे, म्हणून सगळे तिला वरच्या बाई म्हणत. राहायला मात्र आम्ही सगळ्यात खाली, त्याच मोठ्या जिन्याच्या पोटात. खोलीचे छत जिन्यासारखेच उतरते होते. माझे टेबल जिथे होते तिथे मला मान वाकवूनच बसावे लागे. अभ्यास करता करता वरून कोण जाते ते मला पावलांवरून कळायचे. साहेबांची टाच आधी पडते. बाईसाहेब प्रत्येक पायरीवर क्षणभर विसावतात. आपण शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरता.

चादरींच्या खोलीविषयी लिहू की नको, हे ठरत नव्हते. लिहिते.

वरच्या मजल्यावरच्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत आपण दोघी मांडणीला टेकून, फरशीवर बसून, आळीपाळीने मोठ्याने वाचत असू. दुपारी बाईसाहेब झोपल्या की. मी वाचनालयातून आणलेली पुस्तके आपल्याला हवी असत. आपली इंग्रजी पुस्तके मला शब्दकोश घेऊन वाचावी लागत. पुस्तके पोखरते म्हणून आपण मला वाळवी म्हणू लागलात. "ए वाळवी, पुढचं पान मी वाचणार." तिथे आपण मला आपल्याला "तू" म्हणायला लावलेत. मला ते त्या खोलीतच जमत असे. दाराबाहेर पाऊल टाकले की जीभ आपोआप "तुम्ही"वर यायची, आणि आपल्याला त्याचे हसू यायचे. आई चादरी ठेवायला आली की म्हणायची, "वाचा, वाचा. पण पाय उचला, मला खालचा कप्पा हवाय."

एका रविवारी साहेब आणि बाईसाहेब बाहेरगावी होते, तेव्हा आपण मला बैठकीच्या खोलीत नेऊन तो जुना कृष्णधवल चित्रपट दाखवलात. एका श्रीमंत घराण्याची आणि त्यांच्या नोकरांची गोष्ट. मी सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. आई कप न्यायला आली आणि दोन मिनिटे उभी राहिली. पडद्यावर ती कारभारीण चांदीची भांडी पुसत होती. आई म्हणाली, "अख्खं घर सांभाळते आणि हिच्या एप्रनला एक सुरकुती नाही. हिची इस्त्री कोण करतं, ते नाही दाखवत." आपण हसून लोळलात. पुढे त्या कारभारणीवर चोरीचा आळ येतो. खरा चोर घरातलाच मुलगा, तिनेच वाढवलेला. ती पेटी घेऊन फाटकाबाहेर जाते, आणि वरच्या खिडकीत उभा असलेला तो मुलगा पडदा ओढून घेतो. आपण तेव्हा रडत होतात. माझा हात धरून म्हणालात, "एक शब्द गं. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? कसली माणसं असतात ही."

मी तो शब्दन् शब्द खरा मानला. माझ्या वाचनाचा तो दोष असावा. मनापासून म्हटलेले वाक्य आणि खरे वाक्य, यांत फरक असू शकतो, हे मला पुस्तकांतून कळले नव्हते.

जानेवारीतल्या त्या शनिवारी आपले डोके दुखत होते. साहेब आणि बाईसाहेब एका लग्नाच्या जेवणाला गेले. आपण पांघरूण घेऊन पडून राहिलात. आपल्या कपाटाची किल्ली अडकते आहे म्हणून आपण आईकडून किल्ल्यांचा जुडगा मागून घेतलात आणि थोड्या वेळाने परत दिलात. बाईसाहेबांच्या कपाटाची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात असते. आई तिच्या बहिणीकडे गेली, मी तिच्यासोबत गेले. आम्ही परत आलो तेव्हा आपल्या खोलीचा दिवा बंद होता. इतकेच मला ठाऊक आहे. आपण कुठे गेला होतात, कोणाबरोबर, हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि आजही माहीत करून घ्यायचे नाही.

सोमवारी सकाळी आईने लोकरीचे कपडे मागच्या अंगणात ब्रश करायला काढले. आपल्या हिरव्या शालीच्या खांद्यापाशी तिला काहीतरी टोचले. पाहिले तर पाचूचे कानातले, शालीच्या विणीत आकडा अडकून बसलेले. बाईसाहेबांचे. आईने ते ओळखले. तिला वाटले, लेकीने आईचे दागिने घातले असतील, त्यात काय. शालीचा धागा ओढला गेला होता, तो तिने सुईने आत घेतला. उलट्या बाजूने पाहिल्यास अजून दिसेल. आकड्यात लोकरीचा एक तंतू राहिला होता. तो तिने काढला नाही, कारण जसे सापडले तसे ठेवायचे. मग ती पुढच्या दालनात गेली आणि कानातले तबकात ठेवून आली.

तिला ते गुपचूप आपल्या हाती देता आले असते. तिच्या ते मनातही आले नाही. दुसऱ्या कोणत्याही घरातल्या बाईने तसेच केले असते, आणि आज ती त्याच घरात असती.

मी त्या वेळी जिन्याखाली माझ्या टेबलाशी होते. आपली पावले उतरली. शेवटच्या दोन पायऱ्या एकदम. तबकापाशी ती थांबली. मी वाचता वाचता थांबावे इतका वेळ थांबली. मग दाराकडे निघून गेली.

उचलले असते तर ते आपल्याकडे होते हे कबूल केल्यासारखे झाले असते. दालनात तेव्हा कोणी नव्हते, तरीही आपण उचलले नाही. हे आजवर मला उलगडलेले नाही. कदाचित कोणीतरी पाहत असेल, असे वाटले असेल. कोणी पाहत नव्हते, ताई. फक्त मी ऐकत होते.

मग बाईसाहेब उतरल्या.

त्या दुपारी एक गोष्ट घडली, ती इथे वगळते. संध्याकाळविषयी लिहिते.

साहेब आल्यावर बाईसाहेबांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावले. आचारीमामा होते, ड्रायव्हर होता, आई होती. मी आईच्या मागे. आपण दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होतात. बाईसाहेबांच्या हातात ते तबक होते. दालनातून बाहेर आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"हे कुणी ठेवलं?"

त्या घरात हा प्रश्न कधी विचारला जात नाही. मामांनी चमकून मान वर केली.

"मी ठेवलं, बाईसाहेब," आई म्हणाली.

"कुठे सापडलं?"

आईने आपल्याकडे पाहिले. आपल्याला आठवत असेल. त्यात आरोप नव्हता. आता आपण बोलाल, म्हणून ती वाट पाहत होती. घरातले मूल स्वतःहून खरे सांगते तेव्हा मोठ्यांनी मध्ये बोलू नये, अशी तिची समजूत.

"कपडे झटकताना सापडलं," ती शेवटी म्हणाली.

"कुणाचे कपडे?"

बाईसाहेबांनी कानातले उचलले, आकड्यात अडकलेला तो तंतू चिमटीने ओढून काढला आणि फरशीवर टाकला. "माझा डबा कपाटात. कपाटाची दुसरी किल्ली तुझ्याकडे. आणि जोडीतलं दुसरं गायब. एक ठेवून दिलंस, दुसऱ्याचं काय? पश्चात्ताप अर्ध्यावरच संपला?"

इतकी वर्षे त्या आईला "तुम्ही" म्हणत आल्या होत्या.

"बाईसाहेब," आचारीमामा म्हणाले, "ज्याला घ्यायचंय तो अर्धं परत कशाला करेल? मी असतो तर पूर्ण पचवून ढेकरही दिली नसती."

"मामा, तुम्हाला विचारलं नाही."

"नाही विचारलं," मामा म्हणाले आणि उगीचच गॅस बारीक केला. 

मग आमच्या खोलीची झडती झाली. बाईसाहेब स्वतः आल्या. वाकून आत शिरताना त्यांचे डोके छताला लागले. मला त्याही क्षणी "सांभाळून" म्हणावेसे वाटले. गाद्या उलटल्या, ट्रंक उपसली. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणे त्यांनी टेबलावर ओतली. पांढरी, काळी, तपकिरी बटणे, आणि त्यांत एक हिरवे, बटण नसलेले.

आईने ते पाहिले आणि ती खाली बसली.

तेव्हा मी बोलले. त्या घरात सगळ्यांसमोर मोठ्याने बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. मी म्हणाले, "दुपारी ताई आल्या होत्या इथे."

"मी?" आपण म्हणालात. किंचित हसलातही. "मम्मी, मी कधी गेलेय का यांच्या खोलीत? मला तर ती कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा आज कळतंय."

आणि सगळ्यांनी ते मानले. मानणारच. घरातले कोणी त्या खोलीत कधी गेले नव्हते. आपण परत आणून दिलेले पुस्तक टेबलावर होते, ते मी दाखवले. आपण म्हणालात, "ते मी चादरींच्या खोलीत ठेवलं होतं. हिनेच आणलं असेल." चादरींच्या खोलीचा आपण असा उपयोग केलात.

"आईचं झाकायला आता माझ्या मुलीचं नाव," बाईसाहेब म्हणाल्या.

वगळलेली दुपार आता लिहावीच लागेल.

दार वाजले होते. आमच्या खोलीचे दार कधी कोणी वाजवत नसे. येणारा ढकलूनच आत येई. म्हणून मला आधी कळलेच नाही की आवाज आमच्याच दाराचा आहे. उघडले तर आपण. हातात माझे पुस्तक. "अगं, परत द्यायचं राहिलं होतं. येऊ का आत?"

मी खुर्ची पुसली. पलंगावरचे कपडे उशीखाली कोंबले. आपण वर पाहिलेत, उतरत्या छताला हात लावलात आणि म्हणालात, "म्हणजे आम्ही रोज तुमच्या डोक्यावरून चालतो?" मी म्हणाले, "तुमची पावलं मला ओळखू येतात." आपला चेहरा तेव्हा बदलला. मला वाटले, आपल्याला ते आवडले. किती आनंदात होते मी. शेवटच्या पानाविषयी काय वाटले, हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती.

मग आपण पाणी मागितलेत.

आमच्याकडे माठाचा पेला होता, पण त्यातून आपल्याला कसे द्यायचे. मी स्वयंपाकघरात गेले. मामा स्टुलावर बसून, भिंतीला डोके टेकून घोरत होते. पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासांचे कपाट आवाज न करता उघडताना मला चोरी केल्यासारखे वाटले. ग्लास पुसला, भरला, बशीवर ठेवला आणि सांडू नये म्हणून हळूहळू चालत आले. आपण फळीपाशी पाठमोऱ्या उभ्या होतात. डब्याच्या झाकणाचा आवाज झाला होता. मला वाटले, माझी पुस्तके पाहताना धक्का लागला असेल. "उशीर झाला गं," असे म्हणून आपण निघालात. पाण्याला हातही लावला नाहीत.

ते पाणी नंतर मी प्यायले. आपल्यासाठी आणलेले, म्हणून.

त्या घरात मी जन्माला आल्यापासून कोणी मला भेटायला माझ्या खोलीत आले, ते एकदाच. संध्याकाळपर्यंत मी ती भेट मनात किती वेळा उलगडून पाहिली, हे लिहायला मला लाज वाटते. दागिना हरवला असता तर शोधता आला असता. आळ आला तो खोटा आहे, हे निदान आम्हाला ठाऊक आहे. पण ती भेट खरी होती आणि खोटीही होती, आणि तिचे काय करायचे हे मला समजत नाही.

आणखी एक आहे. आपण "मी?" म्हणालात, त्यानंतर मी आईकडे पाहिले. मला वाटले, ती म्हणेल, माझी मुलगी खोटे बोलत नाही. आई उठली, पदराने हात पुसले आणि बाईसाहेबांना म्हणाली, "पोर घाबरलीय. तिचं बोलणं मनावर घेऊ नका. आम्ही सकाळी निघतो."

कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. एकदा लाँड्रीतून आल्यावर ती हाताला तेल लावत होती, तेव्हा मी विचारले, "तुला माहीत होतं ना, मी खरं बोलतेय?"

"माहीत होतं."

"मग?"

"ताईंना मी पहिल्या दिवसापासून अंगाखांद्यावर घेतलंय. खोटं बोलताना त्यांचा डावा हात कुठे जातो, तेही मला माहितेय. तुझं खरं म्हटलं असतं तर त्यांना सगळ्यांसमोर खोटं म्हणावं लागलं असतं." मग म्हणाली, "वाटलं, रात्रीतून स्वतःच येतील सांगायला. मी कडी लावली नव्हती."

आपण आला नाहीत.

सकाळी आम्ही ट्रंक घेऊन फाटकाबाहेर आलो. आपण वरच्या खिडकीत होतात की नाही, पडदा ओढलात की नाही, मला ठाऊक नाही. मी मुद्दामच वर पाहिले नाही. तेवढी एक गोष्ट मला जाणून घ्यायची नव्हती.


मंगळवार, ३ मार्च
सकाळ

पत्र मी वहीखाली ठेवले होते. सकाळी उठले तेव्हा आई खिडकीशी उभी राहून, चष्मा लावून ते वाचत होती. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, कागद होते तसे घडी केले आणि म्हणाली, "शाल हिरवी कुठे होती? मोरपिशी. एवढा पहिला नंबर येतो आणि रंग कळत नाही."

म्हणून वर जिथे हिरवी लिहिले आहे तिथे मोरपिशी वाचावे.

मला वाटले, आता ती कागद फाडेल. ती चहा करायला वळली. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, "आणि लिही, शाल गरम पाण्यात घालू नका म्हणावं. नव्या बाईंना कोणी सांगितलं नसेल."

मग कामावर निघताना, जिन्यात उभी राहून चप्पल घालता घालता: "ताई साडेसातला उतरतात. बाईसाहेब नऊला. पाठवायचंच असेल तर उशीर करू नकोस."

तिचे बोलणे एवढेच. माझ्या बाजूने ती या घटनेत प्रथमच बोलली.

हे पत्र मी टपालात टाकलेले नाही, आणि पाकिटातही घातलेले नाही. आपण वाचत आहात तेव्हा ते आपल्याला कुठे मिळाले, हे आपल्याला दिसतेच आहे. एक वस्तू आमच्या खोलीत राहून गेली होती, त्या दुपारचे खरे. ती आपली आहे. न झाकता, न पुसता, जशी सापडली तशी ठेवली आहे. कोणी ठेवली, हे त्या घरात विचारायचे नसते, म्हणून ज्यांनी हे काम केले त्यांचे नाव मी लिहीत नाही.

साडेसातला आपण उतराल तेव्हा दालनात कोणी नसेल. उचललेत, तर ते आपले झाले. मग दहाच्या आत काय करायचे, ते आपण आणि बाईसाहेब यांच्यात राहील. त्या दिवशीसारख्या पुढे निघून गेलात, तर नऊला ते बाईसाहेबांना मिळेल. आकड्यातून ओढून फेकलेला तंतू कोणत्या रंगाचा होता, हे त्यांना आठवेल. नाही आठवले, तर शाल उलटी करून पाहता येईल.

यात धमकी नाही. त्या घराने आम्हाला शिकवलेली एकच गोष्ट मी शेवटची पाळत आहे.

आपली पावले तबकापाशी थांबतील, एवढे मला नक्की ठाऊक आहे. त्यानंतर ती कुठे जातात, हे ऐकायला जिन्याखाली आता मी नाही.

चादरींच्या खोलीत आपण मला दिलेले नाव इथे सहीला वापरत नाही. तेही तबकात आहे.

वरच्या बाईंची मुलगी

मंगळवार, ३ मार्च, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे